शाळा बघून घर घ्यायचं का? (सेंट्रल न्यू जर्सी, मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला)

शेवंती | ९ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरात रोज रात्री जेवणं झाली की हाच विषय निघतो आणि आम्ही दोघंही आता थकलोय.

आम्ही प्लेन्सबोरोत दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहतो. मुलगी साडेचार वर्षांची. नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस मॅनहॅटनला जावं लागतं, मी घरून काम करते. बजेट ओढूनताणून साडेसातशे, म्हणजे साडेसात लाख डॉलर. त्यात दोन घरं बसतात. एक वेस्ट विंडसरमधलं टाउनहाउस, तीन बेडरूम, किचन मूळचंच आहे, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) वेगळा भरायचा. दुसरं साउथ ब्रन्सविकमधलं सिंगल फॅमिली, चार बेडरूम, बेसमेंट, मागे मोठं बॅकयार्ड. अ‍ॅपवर पहिल्याच्या एलिमेंटरीला (प्राथमिक शाळेला) दहापैकी ९ रेटिंग आणि दुसऱ्याच्या शाळेला ७. नवरा म्हणतो ९ म्हणजे ९, मुलीच्या शाळेत तडजोड नको आणि पुढे विकतानाही सोपं जातं. मी दुसरं घर बघायला गेले तेव्हा मागे एक जुना झोपाळा होता, मुलगी त्यावर जी बसली ती उतरायलाच तयार नाही, आणि मला तिथे उभं राहून वाटलं की हे आपलं घर आहे. पण वाटण्यावर साडेसात लाख घालायचे का?

शिवाय काल एक तिसरं लिस्टिंग दिसलं, पत्ता चक्क प्रिन्स्टन ०८५४०, आणि किंमत या दोघांपेक्षा कमी. हे कसं काय? काही गोम आहे का?


कोकणकडा | १० मार्च, सकाळी ७:०५

डोळे झाकून वेस्ट विंडसर. आम्ही २०११ ला घेतलं, तेव्हाही लोक म्हणाले एवढ्या पैशात एवढंसंच घर. किचन दहा वर्षांनी बदलता येतं, डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बदलता येत नाही. प्रिन्स्टन जंक्शनवरून ट्रेनने मॅनहॅटनचं पेन स्टेशन तास-सव्वा तास, हे रोजच्या आयुष्यात फार मोठं आहे. फक्त स्टेशनच्या परमिट पार्किंगला वेटिंग लिस्ट असते, ते आधी विचारून ठेवा. आणि बाजार पडतो तेव्हा चांगल्या शाळेतली घरं सगळ्यात शेवटी पडतात आणि सगळ्यात आधी सावरतात, हे आमच्या गल्लीत डोळ्यांनी बघितलंय.


गोदाकाठ | १० मार्च, सकाळी ९:३०

शेवंती, आधी प्रिन्स्टनची गोम सांगतो कारण यात दरवर्षी कोणीतरी फसतं. ०८५४० हा पोस्टाचा पिनकोड आहे, शाळेचा नाही. त्या पिनकोडमध्ये प्रिन्स्टनशिवाय वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, लॉरेन्स, साउथ ब्रन्सविक यांचे तुकडे येतात. पत्र प्रिन्स्टनच्या नावावर येणार, पण मूल जाणार ज्या टाउनशिपला तुम्ही टॅक्स भरता तिथल्या शाळेत. उलटंही आहे, क्रॅनबरीची स्वतःची शाळा आठवीपर्यंतच आहे, नववीपासून त्यांची मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात, पण क्रॅनबरीचा पिनकोड मन्रो आणि ईस्ट विंडसरच्या काही घरांनाही लागतो, त्यांना हे लागू नाही! त्यामुळे लिस्टिंगवर जाऊ नका, टॅक्स रेकॉर्डवर टाउनशिपचं नाव बघा आणि डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला फोन करून घर नंबरासकट पत्ता सांगा. रिअल्टर तोंडी काय सांगतो त्याला अर्थ नाही, लिस्टिंगच्या खाली बारीक अक्षरात ‘शाळेची खात्री खरेदीदाराने करावी’ असं लिहिलेलंच असतं.

आता टॅक्स. जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेलं आणि त्यातले निम्म्याहून जास्त शाळेला जातात. साडेसात लाखाच्या घराला दोन ते अडीच टक्के धरा, म्हणजे वर्षाला १५ ते १९ हजार, महिन्याला साडेबाराशे ते जवळजवळ सोळाशे, आणि हे मॉर्गेज फिटलं तरी संपत नाही. फेडरल इन्कम टॅक्स भरताना हा टॅक्स उत्पन्नातून वजा करायला २०१८ पासून १० हजारांची मर्यादा होती, ती २०२५ पासून ४० हजारांच्या आसपास नेलीय, त्यामुळे आता थोडा दिलासा आहे, उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर तो कमी होत जातो. ऑफर टाकायच्या आधी दोन्ही घरांचं खरं टॅक्स बिल मागून घ्या, अ‍ॅपवरचा अंदाज नको.


कोथरूड | १० मार्च, सकाळी १०:१०

पुण्यातून वाचतेय. म्हणजे तिकडे नुसत्या पत्त्यावर अ‍ॅडमिशन मिळते? डोनेशन नाही, मुलाखत नाही?


वऱ्हाडी_माणूस | १० मार्च, दुपारी १२:४५

हो ताई, पत्त्यावरच. डोनेशन घराच्या किमतीतच धरलेलं असते असं समजा.

पण पत्ता विकतचाच पाहिजे असं कोठी लिहिलं नाही. शेवंतीताई, तुम्ही प्लेन्सबोरोत राहता म्हणजे तुम्ही आत्ताच वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो डिस्ट्रिक्टमध्ये आहात, जे टाउनहाउस घेऊन मिळणार तीच डिस्ट्रिक्ट. आम्ही नऊ वर्षं इथंच अपार्टमेंटमध्ये आहोत. माझं ग्रीन कार्ड अडकलंय, आपल्या भारतीय लोकांची रांग तुम्हाला माहीतच आहे, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी पाहावी लागते, त्या भीतीत मी एवढं मोठं कर्ज डोक्यावर घेतलं नाही. माझी दोन्ही पोरं त्याच शाळेत जातात जिथं दहा लाखाच्या घरातली पोरं जातात, त्याच बसनं, त्याच बाईंच्या वर्गात. रजिस्ट्रेशनला लीज आणि विजेचं बिल दाखवलं, झालं. व्हिसा कोणता ते शाळेनं विचारलंबी नाही. शाळा घराले विचारत नाही की तू भाड्याचं का विकतचं.

पोरीला एक वर्ष इथंच घाला ना. के जी होऊ द्या, मग घर पाहा. घाई कायची आहे?


शेवंती | १० मार्च, दुपारी १:२०

गोदाकाठ, खूप खूप आभार! तिसरं घर आम्ही टॅक्स रेकॉर्डवर बघितलं, साउथ ब्रन्सविकच निघालं. नवरा तर ऑफर टाकायला निघाला होता.

वऱ्हाडी भाऊ, तुमचं पटतंय, पण आमची लीज जूनला संपते आणि भाडं परत वाढवतायत. आणि मला तिने एकदा शाळेत मैत्रिणी केल्या की परत उपटून न्यायचं नाहीये.


पाटीपेन्सिल | १० मार्च, रात्री १०:५०

मी जर्सीतल्या एका शहरी डिस्ट्रिक्टमध्ये गणित शिकवते, १४ वर्षं झाली. त्यामुळे या विषयावर मला जरा सविस्तर लिहायचंय, सगळ्यांनी सांभाळून घ्या.

तो ९ आणि ७ आकडा नेमका काय मोजतो ते आधी बघा. अ‍ॅपवरचे आकडे मुख्यतः राज्याच्या परीक्षेतल्या मार्कांवरून येतात, आणि मार्क घरच्या उत्पन्नाबरोबर आणि आईवडलांच्या शिक्षणाबरोबर चढत जातात. ज्या गावात दर दुसऱ्या घरात दोन इंजिनिअर आहेत तिथल्या शाळेला ९ मिळणारच, त्यात शाळेने किती घातलं आणि घराने किती घातलं हे त्या आकड्यात दिसत नाही. हे आकडे देणाऱ्या ग्रेटस्कूल्सवाल्यांनी स्वतःच २०१७ मध्ये आणि परत २०२० मध्ये पद्धत बदलली, मुलांची प्रगती जास्त धरायला लागले, तरी सवयीने आपण गोलातला तो एकच आकडा बघतो आणि घर ठरवतो.

त्यापेक्षा राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, प्रत्येक शाळेचा वेगळा असतो, फुकट आहे. त्यात ग्रोथ पर्सेंटाइल शोधा. मागच्या वर्षी ज्यांचे सारखेच मार्क होते अशा राज्यातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतलं मूल यंदा किती पुढे गेलं, ते त्यात कळतं. ५० म्हणजे मध्यावर. मी ९ रेटिंगच्या शाळेत ४६ बघितलाय आणि ६ च्या शाळेत ६१. वर्षात दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती, एका शिक्षकामागे मुलं किती, हेही तिथेच मिळतं. मग डिस्ट्रिक्टच्या साइटवर बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स वाचा, मागच्या दोन वर्षांचे. किती शिक्षक कमी केले, बजेट कुठे फाटतंय, शाळेची बाउंडरी (कोणता पत्ता कोणत्या शाळेत) बदलायची चर्चा चालू आहे का, सगळं त्यात असतं. डिस्ट्रिक्ट दरवर्षी शाळेचा टॅक्स मनमानी वाढवू शकत नाही, २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे राज्याची मदत कमी झाली की पहिला घाव आर्ट, म्युझिक आणि लायब्ररीवर पडतो. रेटिंगमध्ये ते येत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, कोणाला दुखवायचं नाहीये. सधन वेस्ट विंडसर आणि गरीब ट्रेंटन एकाच मर्सर काउंटीत आहेत, गाडीने अर्धा तास पण लागत नाही. शाळेचा पैसा घरांच्या किमतीतून येणार म्हटल्यावर जिथे घरं स्वस्त तिथल्या मुलांच्या वाट्याला काय येतं ते मी रोज बघते. १९७३ मध्ये टेक्सासच्या रॉड्रिग्ज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही तफावत देशाच्या घटनेविरुद्ध नाही. जर्सीच्या कोर्टाने मात्र त्याच वर्षी राज्याच्या घटनेवर बोट ठेवून उलटा निकाल दिला आणि पुढे अ‍ॅबट खटल्यांमुळे ट्रेंटन, न्यूअर्क, कॅम्डेनसारख्या ३१ डिस्ट्रिक्टना राज्याकडून जास्त पैसे मिळायला लागले. माझ्या वर्गात आज चालू प्रोजेक्टर आणि दुसरी शिक्षिका आहे ती त्या खटल्यांमुळे. घर कुठेही घ्या, पण शाळेच्या बजेटवर मत द्यायची वेळ आली की आपल्या गावापलीकडची मुलंही डोळ्यांसमोर असू द्या.


कोकणकडा | ११ मार्च, सकाळी ६:५०

पाटीपेन्सिल, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण आईबाप म्हणून मला माझ्या मुलाच्या वर्गात शेजारी कोण बसतं याने फरक पडतो. सगळे अभ्यास करणारे असले की मूलही करतं. आणि बाजारही तेच सांगतो. १९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत एकाच गावातली, पण शाळेच्या बाउंडरीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं मोजली होती. परीक्षेचे मार्क ५ टक्के जास्त असतील तर लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त द्यायला तयार होते. रस्ता तोच, घरं तशीच.


गोदाकाठ | ११ मार्च, सकाळी ८:१५

कोकणकडा, तो अभ्यास मलाही माहीत आहे पण तो तुमच्या विरुद्धही वापरता येतो. ५ टक्के मार्कांना फक्त अडीच टक्के. आपण लोक त्याच्या कितीतरी पट मोजून बसतो.


रॅरिटन | ११ मार्च, रात्री ११:५५

मी इथे तीन वर्षांचा असताना आलो, आता २७. मराठी लिहायची सवय कमी आहे, चुकलं तर समजून घ्या. मी अशाच एका ९-१० रेटिंगवाल्या हायस्कूलमधून शिकलो, नाव लिहीत नाही.

चांगलं आधी सांगतो. डब्यात पोळीचा रोल नेला तर कोणी वळून बघायचं नाही कारण शेजारच्याच्या डब्यात पण तोच. नाव कधी छोटं करावं लागलं नाही. शिक्षक खरंच चांगले होते.

पण नववीत मी सगळ्यात वरच्या गणिताच्या वर्गात नव्हतो, दुसऱ्या वर्गात होतो, आणि मला खरंच वाटायचं की मी ढ आहे. चार वर्षं वाटत होतं. रात्री दीड वाजता माझ्या खोलीचा दिवा चालू असायचा आणि समोरच्या दोन घरांतले पण, आम्ही एकमेकांचे दिवे बघायचो, ज्याचा आधी बंद होईल तो हरला असं वाटायचं. आईबाबांनी कधी दबाव टाकला नाही, हे मुद्दाम लिहितोय, दबाव हवेतच होता. कॉलेजला गेलो आणि पहिल्या सेमिस्टरला कळलं की मी गणितात चांगला आहे.

ही फक्त माझी गोष्ट नाही. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोच्या सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, आदल्या वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं असं त्यात होतं. त्यांनी हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद केल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठेवल्या. न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं होतं. काही पालकांना ते आवडलं आणि काहींना, त्यात आपले पण खूप होते, वाटलं की शाळा सोपी करतायत. मला त्या माणसाबद्दल आदर आहे कारण कोणीतरी ते लिहून काढलं.

शेवंती ताई, ९ वाईट असं म्हणत नाही. तुमची मुलगी कशी आहे ते बघा. माझ्या बहिणीला तीच शाळा खूप आवडली, ती स्पर्धेत फुलते.


डॅलसकर | १२ मार्च, सकाळी ८:४०

रॅरिटन, फार प्रामाणिक लिहिलंस, धन्यवाद.

टेक्सासचं एक गणित सांगतो, जर्सीला लागू नाही पण कोणी तिकडे जायचं म्हणत असेल तर. १९९७ पासून इथे कायदा आहे की हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १० टक्क्यांत आलं की राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश. ऑस्टिनच्या यूटीने (टेक्सास विद्यापीठाने) ती हद्द कमी कमी करत २०२६ च्या फॉलपासून ५ टक्क्यांवर आणलीय. म्हणजे जिथे सगळेच हुशार त्या शाळेत पाच टक्क्यांत यायला किती ओढाताण ते बघा. दोनदोन लाख जास्त देऊन घर घेतलेले लोक दहावीला येऊन म्हणतात की शेजारच्या गावात राहिलो असतो तर बरं. आणि डॅलसजवळच्या फ्रिस्कोत हायस्कूल मुद्दाम छोटी ठेवतात, साधारण २१०० मुलांची, त्यामुळे नवीन शाळा उघडली की बाउंडरी हलते. माझ्या साडूच्या मुलाची शाळा घर न बदलता बदलली.


सनीवेल_सखी | १२ मार्च, दुपारी ३:३०

बाउंडरी हलते आणि शाळा बंदही होते! आमच्या कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोचं नाव सगळ्यांना माहीत आहे, शाळांसाठी लोकांनी तिथे डोळे पांढरे होतील असे भाव दिले. झालं काय, घरं इतकी महाग झाली की लहान मुलं असलेल्या जोडप्यांना परवडेनात, जुने लोक हलेनात कारण १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे त्यांचा टॅक्स जुन्या किमतीवरच वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढतो, आणि वर्गात मुलंच कमी. २०२२ मध्ये कुपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टने दोन एलिमेंटरी शाळा बंद केल्या. शाळेसाठी घर घेतलं आणि चालत जायची ती शाळाच राहिली नाही असे लोक आमच्या गणपतीच्या ग्रुपमध्ये आहेत.

आणि नवीन येणाऱ्यांसाठी, फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे फ्रीमाँट शहर नव्हे, ती सनीवेल-कुपर्टिनोची आहे. फ्रीमाँट शहराची फ्रीमाँट युनिफाइड. लोकांनी घोळ केलेला बघितलाय.


अबोली | १२ मार्च, रात्री ९:२०

मी कधी लिहीत नाही इथे पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. तीन वर्षांपर्यंत राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनची (उशिरा बोलणाऱ्या-चालणाऱ्या लहान मुलांसाठीची मदत) माणसं घरी यायची, तीन पूर्ण झाले की पुढचं डिस्ट्रिक्टच्या हातात. आम्ही तेव्हा एका फार नावाजलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये होतो, नाव नको. दर वेळी एकच उत्तर, थोडं थांबू, मुलं आपोआप बोलतात. मला तेव्हा माहीत नव्हतं की जर्सीत लेखी अर्ज दिला की २० दिवसांत मीटिंग घ्यावीच लागते, आणि मूल्यमापनाला संमती दिल्यापासून ९० दिवसांत सगळं होऊन आयईपी (त्या मुलासाठी शाळेने बनवलेला खास शिक्षणाचा आराखडा) सुरू व्हायला हवा. मी तोंडीच विचारत राहिले आणि त्यात सात महिने गेले.

मग नवऱ्याच्या नोकरीमुळे दुसरीकडे गेलो, अ‍ॅपवर ६ रेटिंग, मी जायच्या आधी रडले होते. तिथे पहिल्याच आठवड्यात चाइल्ड स्टडी टीमच्या (शाळेत अशा मुलांचं मूल्यमापन करणाऱ्या गटाच्या) बाईंनी त्याला खाली जमिनीवर बसून एक तास बघितलं. आठवड्यातून तीनदा स्पीच थेरपी. मार्चमधली थंडी होती, आम्ही बस स्टॉपवर उभे होतो, पिवळी बस वळणावरून आली आणि तो माझा हात ओढून म्हणाला, ‘आई, बस आली.’ तीन शब्द एकत्र. त्याआधी फक्त बोट दाखवायचा.

ज्यांच्या मुलांना मदतीची गरज आहे त्यांनी घर घेण्याआधी त्या गावातल्या अशा मुलांच्या आयांशी बोला. जे काही मागायचं ते लेखी मागा, तारीख टाकून.


पाटीपेन्सिल | १२ मार्च, रात्री १०:०५

अबोली, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेखी मागा हे अगदी महत्त्वाचं, इमेल चालते का ते डिस्ट्रिक्टला विचारून घ्या.


शेवंती | ६ एप्रिल, रात्री १०:३०

अपडेट देते, एवढ्या सगळ्यांनी मनापासून लिहिलंत.

आम्ही दोन्ही शाळांचे रिपोर्ट काढले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ७ वाल्या शाळेची ग्रोथ ९ वालीपेक्षा जास्त निघाली. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला आपण मंगळवारी सुट्टी काढून बघून येऊ. दुपारी शाळा सुटायच्या वेळी दोन्ही गावांत बस स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. साउथ ब्रन्सविकला एका आजीने आमच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या, तेलुगू होत्या, नातवाला घ्यायला आलेल्या. रॅरिटनची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो स्वतः लातूरला दोन वर्षं खोलीवर राहून बारावी केलेला आहे, त्याने परत पहिल्यापासून वाचायला लावली.

साउथ ब्रन्सविकला स्टेशन नाही हा मोठा प्रश्न होता. तो तीन दिवस मुद्दाम न्यू ब्रन्सविकहून जाऊन आला, गाडी स्टेशनजवळच्या पार्किंग डेकमध्ये लावून. दमतो, पण जमेल म्हणाला.

झोपाळ्याचं घर मात्र गेलं. आम्ही मागितलेल्या किमतीच्या वर २० हजार दिले होते, तरी अकरा ऑफरमध्ये आमची बसली नाही. मुलगी दोन दिवस विचारत होती. पण त्याच एलिमेंटरीच्या हद्दीत, रजिस्ट्रारकडून घर नंबर सांगून खात्री करून घेतलीय, एक जरा लहान घर मिळालं, तीन बेडरूमचं, आणि परवा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू (वकिलांनी करार तपासायची मुदत) संपला. मागे झाड आहे, झोपाळा आपण लावू असं बाबाने कबूल केलंय.

आता शनिवारी इन्स्पेक्शन आहे. बेसमेंटच्या एका कोपऱ्यात सम्प पंप (साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप) आहे आणि भिंतीवर खालून हातभर उंचीपर्यंत पांढरट डाग आहेत, विकणारे म्हणतात जुने आहेत. कोणाला अनुभव आहे का, इन्स्पेक्टरला नेमकं काय विचारू?


गोदाकाठ | ६ एप्रिल, रात्री ११:१०

अभिनंदन! पंपाला बॅटरी बॅकअप आहे का ते आधी बघा, वादळात वीज जाते तेव्हाच पाणी येतं. डागांवर हात फिरवून बघा, पावडर निघाली तर पाणी झिरपून आलेला क्षार आहे. आणि शुक्रवारी पाऊस सांगितलाय, शनिवारी सकाळी लवकरची वेळ घ्या.